बावीस, मग दहा: चॅपल हिलमध्ये ऑयलर यांची अटकळ कशी मोडली

1959 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत तीन गणितज्ञांच्या कामाची घोषणा झाली, आणि 26 एप्रिलच्या रविवारी न्यूयॉर्क टाइम्सने ती बातमी पहिल्या पानावर छापली. लेओन्हार्ट ऑयलर यांनी 177 वर्षांपूर्वी मांडलेली एक अटकळ खोटी ठरली होती. तिघांपैकी दोघे, राजचंद्र बोस आणि शरच्चंद्र शंकर श्रीखंडे, त्या वेळी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील संख्याशास्त्र विभागात होते. तिसरे, अर्नेस्ट टिल्डन पार्कर, मिनेसोटातील सेंट पॉल येथे रेमिंग्टन रँडच्या युनिव्हॅक विभागात काम करीत होते. दोन संख्याशास्त्रज्ञ आणि संगणक कंपनीतील एक गणिती यांच्या हातून शुद्ध गणितातला इतका जुना प्रश्न सुटावा, यामागे कारण होते. त्या कारणाचा शोध हाच या प्रकरण अभ्यासाचा विषय आहे.

प्रश्न वरवर खेळासारखा दिसतो. सहा पलटणी आहेत आणि प्रत्येक पलटणीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचा एकेक अधिकारी निवडला आहे. या छत्तीस अधिकाऱ्यांना सहा ओळी आणि सहा स्तंभांच्या चौरसात असे उभे करायचे, की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक पलटण एकदाच यावी आणि प्रत्येक हुद्दाही एकदाच यावा. नुसत्या पलटणींकडे पाहिले तर जी मांडणी दिसते तिला लॅटिन चौरस म्हणतात. नुसत्या हुद्द्यांकडे पाहिले तर दुसरा लॅटिन चौरस दिसतो. आणि हे दोन चौरस एकमेकांवर ठेवल्यावर पलटण-हुद्द्याची प्रत्येक जोडी नेमकी एकदा आली, तर त्या दोन चौरसांना परस्परलंब म्हणतात.

सहाऐवजी चार घेतले तर उत्तर सहज सापडते आणि ते इथे मुद्दाम देतो, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे. पहिली ओळ क घ ख ग, दुसरी ग ख घ क, तिसरी घ क ग ख आणि चौथी ख ग क घ अशी लिहावी. आता याच चौरसाच्या ओळींचे स्तंभ करून दुसरा चौरस बनवावा, म्हणजे त्याची पहिली ओळ क ग घ ख, दुसरी घ ख क ग, तिसरी ख घ ग क आणि चौथी ग क ख घ अशी होईल. दोन्ही चौरस एकावर एक ठेवले, की पहिल्या ओळीत कक, घग, खघ, गख. दुसरीत गघ, खख, घक, कग. तिसरीत घख, कघ, गग, खक. आणि चौथीत खग, गक, कख, घघ अशा जोड्या मिळतात. सोळा घरे, सोळा वेगळ्या जोड्या, एकही दोनदा नाही. कर्णावर क, ख, ग, घ ओळीने उभे आहेत, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे.

ऑयलर यांनी 1779 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे हा विषय मांडला आणि त्यांचा लेख 1782 मध्ये छापून आला. विषम आकडे आणि चारने भाग जाणारे आकडे यांच्यासाठी परस्परलंब जोडी कशी करायची, हे त्यांना ठाऊक होते. राहिले ते 2, 6, 10, 14, 18 असे, चारने भागल्यावर दोन बाकी उरणारे आकडे. दोनसाठी जोडी नाही, हे पाहताक्षणी कळते. सहासाठी पुष्कळ प्रयत्न करूनही त्यांना जोडी सापडली नाही, आणि मग त्यांनी अशी अटकळ बांधली, की या संपूर्ण मालिकेत एकाही आकड्यासाठी अशी जोडी असणार नाही. पुरावा म्हणाल तर तो एवढाच होता: दोन आणि सहा.

ऑयलर सहाबद्दल बरोबर होते. फ्रान्सचे गास्तों तारी यांनी सहाच्या लॅटिन चौरसांची प्रकारवार छाननी करून तशी जोडी अशक्य असल्याचे 1900-1901 मध्ये दाखवले. हे काम हाताने झाले होते आणि ते चोख होते. पण त्यातून दहाबद्दल काहीच कळत नव्हते. कारण सहाच्या साचेबद्ध चौरसांची संख्या, म्हणजे पहिली ओळ आणि पहिला स्तंभ क्रमाने लिहिलेल्या चौरसांची संख्या, 9408 आहे, तर दहाच्या तशा चौरसांची संख्या पंचवीस अंकी आहे. तारींची वाट तिथेच संपत होती.

संपूर्ण मालिकेसाठी सिद्धता देण्याचे प्रयत्नही झाले. 1902 च्या आसपास डेन्मार्कचे पीटरसन, 1910 मध्ये वेर्निके आणि 1922 मध्ये अमेरिकेचे हॅरिस मॅकनीश अशा तिघांनी ऑयलर यांची अटकळ सिद्ध केल्याचे म्हटले. वेर्निके यांची चूक खुद्द मॅकनीश यांनी दाखवली. आणि मॅकनीश व पीटरसन यांच्या युक्तिवादांत काय कमी आहे, हे फ्रिडरिश लेव्ही यांनी दाखवून दिले. हे लेव्ही म्हणजे नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागल्यावर कोलकाता विद्यापीठात आलेले आणि नंतर मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही वर्षे राहिलेले बीजगणितज्ञ. प्रश्नाचा एक धागा भारतात आधीच पोचला होता तो असा.

मॅकनीश यांच्या कामातला एक भाग मात्र पक्का होता आणि या प्रकरणाची नाडी त्यातच आहे. दोन आकड्यांसाठी परस्परलंब चौरस ठाऊक असतील, तर त्या दोन आकड्यांच्या गुणाकारासाठीही ते बांधता येतात. म्हणून कोणताही आकडा मूळ संख्यांच्या घातांत फोडावा, त्यांतला सर्वांत लहान घात पाहावा, त्यातून एक वजा करावा, आणि निदान तितके परस्परलंब चौरस मिळतात असे समजावे. बारा म्हणजे चार गुणिले तीन, लहान घात तीन, म्हणून दोन चौरस नक्की. दहा म्हणजे दोन गुणिले पाच, लहान घात दोन, म्हणून एकच चौरस, म्हणजे या रीतीने जोडी मिळत नाही. चारने भागल्यावर दोन उरणाऱ्या प्रत्येक आकड्यात दोन हा अवयव एकदाच येतो, त्यामुळे प्रत्येक वेळी उत्तर एकावर अडते. मॅकनीश यांनी पुढे जाऊन म्हटले, की ही निदान-संख्या म्हणजेच खरी संख्या आहे. हे खरे असते तर ऑयलर यांची अटकळ आपोआप सिद्ध झाली असती. गुणाकाराने जे मिळत नाही ते नाहीच, अशी समजूत यामुळे घट्ट झाली. तिला कुणी सिद्धता दिली नव्हती, पण तिच्याविरुद्ध हाताशी काही नव्हते.

आता चॅपल हिलकडे वळू. तेथे गणितीय संख्याशास्त्राचा स्वतंत्र विभाग हॅरॉल्ड होटेलिंग यांनी 1946 मध्ये सुरू केला आणि 1949 मध्ये बोस तिथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. बोस मुळात भूमितीचे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी त्यांना कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आणले. तिथे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या प्रश्नांतून त्यांचा लॅटिन चौरसांशी संबंध आला. फिशर यांना हे चौरस इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेतावर हवे होते. वाणांची तुलना करायची तर जमिनीचा कस एका बाजूकडून दुसरीकडे बदलतो, आणि तो बदल एखाद्या वाणाच्या पदरात पडू नये म्हणून प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात एकदा पेरावा लागतो. वाण आणि खत अशा दोन गोष्टी एकदम तपासायच्या असतील तर परस्परलंब जोडीच लागते. 1938 मध्ये बोस यांनी सांत क्षेत्रांच्या, म्हणजे मोजक्याच घटकांत बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार करता येतात अशा संख्याव्यवस्थांच्या, आधारे दाखवले, की आकडा मूळ संख्या किंवा तिचा घात असेल, तर त्याहून एकने कमी इतके चौरस परस्परांना लंब असे बांधता येतात.

शेतावरच्या प्रयोगांतून आलेली दुसरी गोष्ट या प्रकरणात अधिक मोलाची ठरली. वाण पुष्कळ आणि एका वाफ्यात जागा थोडी, अशी अडचण नेहमीची असते. तेव्हा वाण लहान लहान गटांत अशा रीतीने वाटायचे, की कोणतेही दोन वाण एकत्र येण्याची संख्या सारखीच राहील. अशा संतुलित गटरचना तयार करणे, त्यांच्या मर्यादा शोधणे आणि कोणती रचना अशक्य आहे हे सिद्ध करणे हे बोस यांच्या विभागाचे रोजचे काम होते. श्रीखंडे याच कामात वाढले. सागर येथे 1917 मध्ये जन्म, नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिक्षण आणि तिथेच अध्यापन, 1947 मध्ये चॅपल हिलला प्रयाण, आणि 1950 मध्ये बोस यांच्या मार्गदर्शनाखाली गटरचनांवरील प्रबंधाला पीएच.डी. बोस यांचा जन्म होशंगाबादचा. म्हणजे गुरू आणि शिष्य दोघेही नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतात जन्मलेले. श्रीखंडे नागपूरला परतले, शिकवत राहिले आणि 1958 मध्ये पाहुणे प्राध्यापक म्हणून पुन्हा चॅपल हिलला गेले.

त्याच सुमारास पार्कर यांनी पहिला तडा पाडला. एकवीस म्हणजे तीन गुणिले सात. मॅकनीश यांच्या मते एकविसासाठी दोनाहून अधिक परस्परलंब चौरस असू नयेत. पार्कर यांनी दोनाहून अधिक चौरस बांधून दाखवले. एकवीस विषम असल्याने ऑयलर यांच्या अटकळीला यातून धक्का लागत नव्हता, पण तिला टेकू देणारी समजूत गेली. महत्त्वाचे म्हणजे पार्कर यांनी हे चौरस संतुलित गटरचनेतून काढले होते. चॅपल हिलच्या दोघांना ती भाषा तोंडपाठ होती. सगळे गट एकाच आकाराचे असलेच पाहिजेत का, असा प्रश्न त्यांनी घेतला. आकार वेगवेगळे चालत असतील, तर आकडे गुणण्याऐवजी त्यांची बेरीज करता येते.

बावीस हा आकडा त्यातून कसा निघतो ते जवळून पाहू. थॉमस कर्कमन यांचे 1850 चे एक जुने कोडे आहे: पंधरा विद्यार्थिनी आठवड्याचे सातही दिवस तिघी-तिघींच्या ओळी करून फिरायला जातात, सात दिवसांत कोणत्याही दोघी एकाच ओळीत नेमक्या एकदा याव्यात. याचे उत्तर आहे. रोज पाच ओळी, सात दिवसांच्या पस्तीस ओळी. आता या पंधरा मुलींच्या जोडीला सात वारही सभासद आहेत असे मानू. सोमवारच्या पाचही ओळींत चौथा सभासद म्हणून 'सोमवार' घालू, मंगळवारच्या ओळींत 'मंगळवार', आणि असे रविवारपर्यंत करू. मग चौघांचे पस्तीस गट होतात. शेवटी सात वारांचा मिळून एक वेगळा गट करू. पंधरा अधिक सात, एकूण सभासद बावीस. दोन मुली घ्या, त्या नेमक्या एका दिवशी एकत्र होत्या, म्हणजे एकाच गटात आहेत. एक मुलगी आणि एक वार घ्या, त्या दिवशी ती एकाच ओळीत होती, म्हणून तोही एकच गट. दोन वार घ्या, ते सातांच्या गटात आहेत. बावीस जणांपैकी कोणतेही दोघे नेमक्या एका गटात सापडतात.

पुढचे काम शिवणकामासारखे आहे. बावीस ओळी आणि बावीस स्तंभांना या सभासदांची नावे द्यायची. एका सभासदाची ओळ आणि दुसऱ्याचा स्तंभ जिथे मिळतात त्या घरात काय लिहायचे, हे ठरवताना ते दोघे ज्या गटात आहेत तो गट काढायचा. चौघांचा असेल तर वर दिलेला चारचा चौरस वापरायचा, सातांचा असेल तर सातचा. कर्णावर ज्याचे त्याचे नाव. चारच्या चौरसाचा कर्ण क, ख, ग, घ असा ओळीने आहे ते ध्यानात ठेवा म्हटले ते याचसाठी, नाहीतर तुकडे जोडताना कर्णावर भांडण झाले असते. आणि सात ही मूळ संख्या असल्याने तिथेही तशीच जोडी मिळते. पहिला मोठा चौरस प्रत्येक तुकड्यातील पहिल्या लहान चौरसावरून, दुसरा दुसऱ्यावरून. आता दोन वेगळी नावे घ्या आणि ती जोडी मोठ्या चौरसांत कुठे येते ते शोधा. ती दोन्ही नावे एकाच गटात एकत्र आहेत, आणि त्या गटाच्या लहान चौरसांत ती जोडी नेमकी एकदाच आहे. म्हणून मोठ्या चौरसांतही ती नेमकी एकदाच येते. बावीस म्हणजे चार गुणिले पाच अधिक दोन, ऑयलर यांनी अशक्य ठरवलेल्या मालिकेतला आकडा. त्याची जोडी वाचकापुढे उभी आहे. हा युक्तिवाद मी जितक्या वेळा कागदावर उतरवतो तितक्या वेळा मला त्याच्या साधेपणाचे नवल वाटते. त्यात ऑयलर यांच्या काळी नसलेले असे काय आहे? फार तर कर्कमन यांचे कोडे. बाकी सारे एका सवयीचे देणे आहे, आणि ती सवय वाफे आणि वाण वाटून देणाऱ्या माणसांची होती.

बोस आणि श्रीखंडे यांचा निबंध 1959 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकादमीच्या कार्यवृत्तात आला. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, पार्कर यांनी दहाची जोडी दिली. दहा हा सहानंतरचा पहिलाच संशयित, त्यामुळे सर्वांचे लक्ष त्यावर होते. पार्कर यांनीही बेरीजच केली, पण रीत निराळी: दहा म्हणजे सात अधिक तीन. सातने भागून उरणाऱ्या बाक्या 0 ते 6 आणि त्यांच्याबरोबर तीन वेगळी चिन्हे. सुरुवातीच्या तेरा घरांची मांडणी ठरवली, की प्रत्येकातील आकड्यांत एकेक मिळवत आणि सातावर पुन्हा शून्याला येत सात-सात घरे भरतात. तीन वेगळी चिन्हे मात्र जागची हलत नाहीत. तेरा साते एक्याण्णव. उरलेल्या नऊ घरांत त्या तीन चिन्हांचा तीनचा चौरस बसतो. शंभर घरे पूर्ण.

याच्या शेजारी दुसरा एक प्रयत्न ठेवून पाहण्यासारखा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील स्वॅक या संगणकावर त्याच काळात दहाच्या जोडीचा शोध शंभर तासांहून अधिक चालला आणि हाती काही आले नाही. त्यात यंत्राचा दोष नव्हता. पंचवीस अंकी ढिगात दिशेशिवाय शोध घेतला, तर शंभर तास हा नगण्य वेळ आहे. पार्कर यांनी आधी आकार ठरवला, सातचे चक्र आणि तीन स्थिर चिन्हे, आणि शोधाची जागा मूठभर केली.

त्यानंतर सेंट पॉल आणि चॅपल हिल यांच्यातल्या पत्रव्यवहारातून उरलेले आकडे झपाट्याने निकालात निघाले. 1960 मध्ये कॅनेडियन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्समध्ये तिघांचा संयुक्त निबंध आला आणि सहाहून मोठ्या, मालिकेतल्या प्रत्येक आकड्यासाठी परस्परलंब जोडी असते, हे सिद्ध झाले. ऑयलर यांची अटकळ दोन आणि सहा या दोनच ठिकाणी खरी ठरली, म्हणजे जिथे त्यांनी स्वतः तपासून पाहिले होते तिथेच. तिघांना 'ऑयलर्स स्पॉइलर्स' हे नाव चिकटले. नोव्हेंबर 1959 च्या सायंटिफिक अमेरिकनच्या मुखपृष्ठावर दहाचा चौरस रंगवलेला होता: प्रत्येक घरात एका रंगाच्या आत दुसरा रंग.

श्रेय तिघांचे आहे, आणि ते तोलून वाटण्यात मला अर्थ वाटत नाही. पार्कर यांचे एकवीस नसते तर बावीस निघाले नसते आणि बावीस नसते तर दहाकडे जाण्याचा धीर झाला नसता. परंतु मराठीत हे प्रकरण क्वचितच तपशिलाने लिहिले जाते, याची खंत आहे, कारण श्रीखंडे यांचे पुढचे काम आपल्याच दारात झाले. 1959 मध्येच त्यांनी सोळा बिंदू आणि अठ्ठेचाळीस रेषांचा तो आलेख दिला, जो आज जगभर श्रीखंडे आलेख म्हणून शिकवला जातो. 1960 मध्ये ते भारतात परतले, काही वर्षे बनारस हिंदू विद्यापीठात होते, आणि 1963 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. 1978 पर्यंत त्यांनी तिथे कॉम्बिनेटोरिक्सची, म्हणजे अशा मांडण्या आणि निवडींच्या गणिताची, जी शाखा उभी केली तिच्यातून नवीन सिंघी आणि वासंती भट-नायक यांच्यासारखे संशोधक पुढे आले. 2020 च्या एप्रिलमध्ये, वयाच्या 102 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

दहाचे प्रकरण मात्र मिटलेले नाही. जोडी आहे हे कळल्यावर पुढचा प्रश्न असा, की परस्परांना लंब असे तीन चौरस दहासाठी आहेत का. नऊ नाहीत हे मॉन्ट्रियलच्या क्लेमेंट लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संगणकीय शोधातून 1989 मध्ये नक्की झाले. पार्कर आयुष्यभर तिसऱ्याच्या मागे होते. त्यांनी अभ्यासलेल्या एका चौरसातून प्रत्येक ओळीतले, प्रत्येक स्तंभातले आणि प्रत्येक चिन्हाचे एकेक घर उचलण्याचे 5504 मार्ग आहेत, आणि त्या एका चौरसाला लंब असणारे 1,22,65,168 जोडीदार पुढे मोजले गेले. दहासाठी एकमेकांना लंब असणारे तीन चौरस आजवर कुणाच्या हाती लागलेले नाहीत, आणि ते नसतात असेही कुणी सिद्ध केलेले नाही.